वरवंडची तंबाखू, कवठ्याची चिलीम

कवठे येमाईत आपल्या चिलमीला जेवढा मान आहे तेवढा सरपंचाच्या शिक्क्यालाही नाही, असं हौसराव सांगायचे. आता स्वतःच्या तोंडानं सांगायचे म्हणजे त्यातले चार आणे आपण कमी करून घ्यावेत, पण उरलेले बारा आणे खरे होते.

चिलीम तशी साधीच, मातीची. वीतभर लांब, खाली निमुळती, आत एक नदीतला गुळगुळीत खडा आणि ओढायच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी. आत जायची ती निपाणीच्या पानाची, हौसरावांनी स्वतः चुरलेली तंबाखू. अशी जहाल की नवख्यानं एक झुरका घेतला तर डोळ्यांत पाणी आणि तोंडात आईचं नाव! हौसराव मात्र छाती भरून ओढायचे, धूर नाकातून सोडायचे आणि म्हणायचे, "ही बाप्याची तंबाखू. बाकीच्यांचा नुसता पालापाचोळा."

चिलीम ओढणाऱ्या जुन्या लोकांत एक रीत होती. ओढून ओढून चिलमीच्या आत जो काळा चिकट थर बसतो त्याला म्हणतात कीट. ज्याची तंबाखू, त्याचा कीट. एकाच्या कीटावर दुसऱ्याची तंबाखू जाळली तर धड याची चव लागत नाही, धड त्याची. म्हणून दुसऱ्याची तंबाखू आपल्या चिलमीत घ्यायची झाली तर मालकानं आधी आपला कीट आपल्या हातानं, चार लोकांच्या देखत काढायचा. आणि तसा काढला की त्याचा अर्थ साऱ्या शिवाराला कळायचा, की बाबा, यानं समोरच्याला मोठा मानला.

दूध सोसायटीच्या निवडणुकीत हौसरावांनी मुक्ताजीला पाडलं, तेव्हा मुक्ताजी पारावर आला होता. मुकाट्यानं त्यानं आपली चिलीम खरवडली आणि म्हणाला, "घाला तुमची." त्या दिवशी हौसरावांनी मिशीला असा काही पीळ दिला की तो अजून उतरला नव्हता. त्याच झोकात ते सगळ्यांसमोर बोलून गेले, "माझ्या चिलमीत दुसऱ्याची तंबाखू पडंल ती मी मेल्यावर!"

"मेल्यावर कशाला पडतीया?" त्यांच्या बायको झुंबरबाई घरी म्हणाल्या होत्या. दातांवरून मिश्रीचं बोट फिरवत त्यांनी पुढचं ऐकवलं, "तुमच्यासंगं तिलाबी सरणावर ठिवते की. तिकडं वढत बसा."

एवढा ताठ माणूस, पण एका माणसापुढं त्याचं काही चालायचं नाही. ती त्यांची नात, स्नेहल. मुलाची, सत्यजीतची थोरली. प्लास्टिकचा डिप्लोमा करून ती कारेगावजवळच्या एका कंपनीत लागली. गाड्यांचे प्लास्टिकचे भाग तयार करणारी कंपनी. सुरुवातीला हौसरावांनीच घर डोक्यावर घेतलं होतं. पोरीची जात, रातपाळ्या कसल्या, बस कसली, लोक काय म्हणतील! स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तो पीळ आजोबांकडून नातीकडं सरळ उतरला होता, मधल्या सत्यजीतला वळसा घालून.

मग एकदा कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं. हौसराव नाक मुरडत गेले. आत गेल्यावर बघतात तर काय, घराएवढी यंत्रं, धडाधड माल पडतोय, बिहारचे, बीडचे, कुठकुठचे बाप्ये कामाला लागलेले आणि मधोमध त्यांची स्नेहल, डोक्याला टोपी, अंगात निळा कोट. एका यंत्राचा आवाज बदलला तशी तिनं नुसता हात वर केला. सगळी ओळ जागच्या जागी थांबली! एक दांडगा गडी धावत येऊन विचारतोय, "मॅडम, क्या हुआ?"

त्या यंत्रात काळ्या मालानंतर पांढरा माल घ्यायचा होता. स्नेहलनं आजोबांना समजावलं, "आबा, आधीचा काळा सगळा बाहेर काढावा लागतो. आत एक ठिपका राह्यला ना, तर पुढचा सगळा पांढरा माल भंगारात."

हौसराव यंत्राच्या तोंडातून पडणाऱ्या लगद्याकडं बघत राहिले. आधी काळा, मग करडा, मग मळकट. "आगं," ते एकदम म्हणाले, "ही तर चिलीमच की!"

स्नेहल एवढी हसली की पलीकडच्या यंत्रावरचे दोघं वळून बघायला लागले. त्या दिवसापासून हौसरावांना नातीच्या नोकरीचं वेड लागलं. पारावर, सोसायटीत, दाढी करताना, जिथं बसतील तिथं तेच. "आमच्या स्नेहलनं हात वर केला की कंपनी थांबतीया." मुक्ताजी कंटाळून म्हणायचा, "आबा, आता चालू करायला सांगा की येकदा."

अशी ही नात एका संध्याकाळी गोठ्यात त्यांच्याजवळ येऊन बसली आणि सरळ म्हणाली, "आबा, मला वरवंडच्या रोहनशी लग्न करायचंय. शेजारच्या कंपनीत आहे, मेंटेनन्सला. आपल्यातलाच आहे. आणि नोकरी मी सोडणार नाही. मला दोन्ही पाहिजे."

हौसरावांनी गाईच्या पाठीवरून हात काढला. "पोरगं काय म्हणतंय?"

"त्याला मान्य आहे. त्याचे आजोबा जुन्या वळणाचे आहेत. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही."

"मंग हितं कोण जातंय?" हौसराव म्हणाले. स्नेहलनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं, तसे ते खाकरले. "बरं. दोन्ही मिळंल तुला. हौसरावाचा शब्द हाय. बोलीव त्यास्नी."

शब्द देणं सोपं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बैठकीचा दिवस उजाडला. वरवंडहून दोन गाड्या आल्या. पहिलीतून उतरले शंकरराव, रोहनचे आजोबा. पांढराशुभ्र फेटा, कडक इस्त्रीचं धोतर आणि हौसरावांच्या मिशीला तोडीस तोड मिशी. त्यांच्या मागून त्यांची बायको सोजरबाई आणि मग रोहन, चुलते वगैरे. स्नेहलचा मामा दत्ता मध्यस्थ होता, तो दोन्हीकडं हसून हसून गाल दुखवून बसला होता. कवठ्यातली जाणती माणसंही पडवीत होती, आणि मुक्ताजी सगळ्यात पुढं. त्याला कोण मागं बसवणार!

पोहे झाले, चहा झाला. देणंघेणं काही नाही, साधं लग्न करायचं, यावर दोन्ही घरं अर्ध्या वाक्यात एक झाली. पोरगं शांत, डोळ्यात डोळा घालून बोलणारं. हौसरावांना आवडलं. आता नारळ द्यायचा तेवढा राहिला, असं दत्तानं मनात धरलं आणि त्याच वेळी शंकररावांनी कनवटीची चंची काढून पुढं ठेवली.

"आबा, चिलमीचं नाव लई ऐकलंय तुमच्या. काढा की भाईर. आमच्यात सोयरीक जमली की दोघं व्याही येक चिलीम वढत्यात. चिलीम पोरीकडची, तंबाखू पोराकडची. घाला आमची वरवंडची."

 मुक्ताजीचे डोळे असे चमकले, जणू इतक्या वर्षांनी सोसायटीची फेरमोजणी निघाली होती.

हौसरावांनी चंचीकडं बघितलं. गुळात मळलेली, ओलसर, काळपट तंबाखू. वास गोड. तंबाखू कसली, लाडू नुसता! हा लाडू आपल्या चिलमीत? आणि तोही या मुक्ताजीच्या देखत? त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठावं आणि सांगावं, की पाव्हणं, आमच्या कवठ्यात ही रीत न्हाई. ओठावर आलंच होतं.

दत्ता कानाशी लागला. "आबा, आता समदं तुमच्या हातात हाय बगा."

हौसरावांची नजर आतल्या दाराकडं गेली. स्नेहल उंबऱ्याशी उभी होती. डोळ्यांत विनवणी नाही, काही नाही. ती आजोबांकडं तशीच बघत होती, जशी त्या दिवशी यंत्राकडं बघत होती, आवाज बदलतोय का म्हणून.  पोरगी घाबरली होती. साऱ्या ओळीला थांबवणारी पोरगी, आज आपल्या एका शब्दाला घाबरली होती. छ्या! जळो तो पीळ.

"झुंबरे," त्यांनी हाक मारली, "चुलीत इस्तू हाय का?"

झुंबरबाई दारात येऊन थबकल्या. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात असं काही घडेल हे त्यांनी स्वप्नातही बघितलं नव्हतं. "हाय की," एवढंच त्या म्हणाल्या.

हौसरावांनी चिलीम काढली. तळहातावर उलटी आपटली, खडा बाहेर पडला. सायकलची तार घेऊन आतून खरवडायला सुरुवात केली. काळ्या खपल्या कागदावर पडायला लागल्या. पडवीत आंबूस, कडवट वास भरला. मुक्ताजी पुढं सरकला. "आबा, मेला न्हाईत की अजून!"

"गप रं," हौसराव मान वर न करता म्हणाले. "करायचं ते झ्याक करायचं. तुझ्यासारखं वरवर न्हाई."

मग झुंबरबाईंनी चुलीतले निखारे घमेल्यात आणले. चिलीम त्यात पुरली. आतला उरलासुरला कीट चरचर जळाला, धूर उठला, विझला. चिमट्यानं काढून थंड केली तर काय, काळीठिक्कर चिलीम तांबडी! हौसराव स्वतःच बघत राहिले. ती विकत घेतली तेव्हा अशी होती, हे ते विसरूनच गेले होते.

आता शेवटचं काम. पांढऱ्या कापडाची लांब चिंधी पिळून चिलमीतून ओवायची आणि दोन्ही टोकं ताणून धरून चिलीम तिच्यावरून खालीवर घासायची. एकट्याला करायचं तर एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधावं लागतं. हौसराव अंगठा पुढं करत होते तोच स्नेहल बाहेर आली, पाहुण्यांसमोर खाली बसली आणि तिनं चिंधीचं दुसरं टोक धरलं.

पोरीकडच्या बैठकीत नवरीनं पडवीत येऊन चिलीम साफ करायला बसायचं, हे वरवंडच्या चुलत्यांनी कधी बघितलं नव्हतं. हौसरावांना त्यांच्या भुवया दिसल्या. त्यांनी घासायला सुरुवात केली. सरसर, सरसर. चिंधी काळी निघाली. दुसरी घेतली, ती तपकिरी निघाली.

"पुरं की आता," शंकरराव म्हणाले. त्यांचा मान झाला होता, आता त्यांना ओढायची घाई होती.

"नाही आप्पा," स्नेहल चिंधी उजेडाकडं धरून म्हणाली, "अजून पिवळं येतंय. तुमच्या तंबाखूला चव लागणार नाही."

तिसरी चिंधी. मग चौथी पांढरीची पांढरी बाहेर आली. स्नेहलनं ती उलटीपालटी करून बघितली आणि मान डोलावली. हौसरावांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, पण खरं सांगायचं तर त्यांना कमीपणा वाटेना. उलट मनात आलं, बघा म्हणावं, आमच्या पोरीचं काम कसं असतं! छातीच फुगली त्यांची. नवी छापी भिजवून त्यांनी चिलीम शंकररावांच्या हातात दिली. "भरा. तुमचीच."

शंकररावांनी तंबाखू भरली, अंगठ्यानं दाबली. त्यांचा चेहरा फुलला होता. आणि नेमकी इथंच त्यांची चूक झाली. हौसरावाचा कीट निघाला म्हणजे हौसराव वाकला, आणि एकदा वाकलेल्याच्या पाठीवर काय हवं ते ठेवता येतं, असा त्यांनी हिशेब केला.

"आता येक बारकी गोष्ट," ते म्हणाले. "लगीन झाल्याव पोरीची कंपनी बंद. आमच्या घरातल्या सुना रातपाळ्या करत न्हाईत. तुम्ही येवढं ऐकलंत, ह्येबी ऐकाल."

दत्ताचं हसू गालावरच वाळलं. रोहन उठायला लागला, पण हौसरावांनी काळा हात वर करून त्याला बसवलं. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा पेटणार, घराची कौलं उडणार. मुक्ताजीनं तर सरकून भिंत धरली.

हौसराव पेटले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, चिलीम माझी व्हती. म्हणून मी खरवडली, तुमच्या हातात दिली. त्यात माझं काय गेलं न्हाई. पण नोकरी माझी न्हाई. ती तिची हाय. जे माझं न्हाई, ते मी तुमाला कसं देऊ?"

 उभ्या जन्मात ज्यानं घरातल्या तांब्याभांड्यापासून सोसायटीच्या खुर्चीपर्यंत सगळ्यावर माझं माझं केलं, त्याच्या तोंडून हे निघालं होतं. आत झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. हौसरावांनाही आपलाच आवाज नवा वाटला, पण बोलले ते खरं होतं आणि मागं घ्यायचं नव्हतं.

"तिलाच इचारा," ते म्हणाले.

शंकररावांना बाईमाणसाला विचारायची सवय नव्हती.  तीच बोलली. हातात अजून ती चिंधी होती. "आप्पा, मी नोकरी सोडणार नाही. रोहनला हे पहिल्या दिवशीच सांगितलंय. तुमचा मान मी आयुष्यभर राखेन. पण काम सोडून नाही."

"मी व्हय म्हणालोय, आप्पा," रोहन म्हणाला. "ऐकलंय, समजून घेतलंय, मग व्हय म्हणालोय."

शंकररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आन् रातपाळी? लोकं काय म्हणतील? शंकररावाची नातसून रातची—"

"आगा बया!" हा आवाज सोजरबाईंचा. इतका वेळ त्या कोपऱ्यात निमूट बसल्या होत्या. "रातची लाइट यायची तवा उसाला पाणी धराया कोण जायचं वो? तुम्ही घोरत पडायचा आन् मी बॅटरी घिऊन बिबट्याच्या वाटंनं बांधानं फिरायची. तवा कुठल्या लोकांनी काय म्हटलं? आन् हिला तर कंपनीची गाडी दारातनं नेतीया."

मुक्ताजी फिसकन हसला आणि लगेच खोकला काढला. शंकरराव बायकोकडं बघायला लागले. मग हातातल्या भरलेल्या चिलमीकडं. ना ती पेटवता येत होती, ना खाली ठेवता येत होती. ठेवली तर सोयरीक मोडली, पेटवली तर आपणच ऐकलं. हौसरावांना ते कळत होतं. थोड्या वेळापूर्वी तेही अशाच कात्रीत सापडले होते. त्यामुळं त्यांनी ताणलं नाही, घाई केली नाही. माणसाला वळायला जागा लागते.

शेवटी शंकरराव स्नेहलला म्हणाले, "तू तिथं नेमकं करतीस तरी काय? ह्यो रोहन सांगतोय ते माझ्या डोक्यात शिरत न्हाई."

"सांगून नाही कळायचं, आप्पा. तुम्ही या एकदा बघायला."

"मला आत सोडत्याल?"

"सोडतील की. गेटवर पास करतात. छातीला लावायचा."

"पासावर नाव कुणाचं? सत्यजीतचं?"

"नाही. ज्याच्याकडं पाहुणा आलाय त्याचं असतं," स्नेहल म्हणाली. "माझं."

शंकररावांनी फेटा जरा मागं सारला. वरवंडपासून दौंडपर्यंत कुठल्याही कचेरीत, कुठल्याही कारखान्याच्या फाटकात जो माणूस आजवर स्वतःच्या नावावर आत गेला होता, तो हे ऐकून पार गोंधळला. "म्हंजी मी गावात काय सांगू?" ते हौसरावांना म्हणाले, अगदी व्याह्यानं व्याह्याला विचारावं तसं. "नातसुनेच्या नावाचा बिल्ला छातीला लावून आत गेलो म्हणून सांगू?"

हौसरावांचे काळे हात मांडीवर होते. त्यांनी पाठ ताठ केली.

"सांगा की," ते म्हणाले. "मी तर समद्या कवठ्याला सांगितलंय."

शंकररावांनी मागं सारलेला फेटा नीट केला. मग त्यांनी चिलीम तोंडाशी नेली आणि रोहनला म्हणाले, "काडी वढ."